गच्ची उघडायची की झाकायची: पावसाच्या ५१ शक्यता दाखवणारा एक मोफत आलेख

आमचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. गोरेगावपासून दहिसरपर्यंतच्या जुन्या सोसायट्यांच्या गच्च्या करतो. एप्रिल-मे हा आमचा हंगाम, आणि तो कधी संपेल हे कुणाच्याच हातात नसतं. मान्सून मुंबईत पोहोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. जुना कोबा फोडून डेब्रिज खाली उतरवलं की उरतो तो भेगांसकट उघडा स्लॅब. त्यावर नवा थर चढेपर्यंत पाऊस आला तर पाणी थेट वरच्या मजल्यावरच्या घरात उतरतं. त्या घरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं गळती सोसलेली असते, म्हणून तर काम काढलेलं असतं. त्यांच्याच छतातून आमच्यामुळे पाणी यावं, यासारखी वाईट गोष्ट नाही. म्हणून हवामानाचा अंदाज माझ्यासाठी सिमेंट-वाळूइतकाच कामाचा आहे, आणि त्याच नजरेने मी हा आढावा लिहिते आहे.

मी बोलतेय ते ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपियन हवामान केंद्राच्या संकेतस्थळावरच्या 'एन्सेम्बल मीटिओग्राम' या आलेखाबद्दल. केंद्राचं मुख्यालय इंग्लंडमधल्या रेडिंगला आहे. आलेख मोफत आहे. गावाचं नाव टाकलं की पुढच्या दहा दिवसांचा अंदाज एका पानावर येतो. पण एकच आकडा देऊन तो मोकळा होत नाही, आणि मला त्याची किंमत वाटते ती याचसाठी.

फोनवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ढगाचं चित्र आणि त्याखाली '४०%' असं काहीतरी असतं. या टक्क्यांनी काम ठरवायचं म्हटलं तर हातात फार काही येत नाही. चाळीस टक्के कशाचे? दोन थेंब पडायचे की गच्ची तुंबायची? पहाटेचे की संध्याकाळचे? हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना विचारलं होतं, की 'उद्या पावसाची शक्यता ३०%' याचा अर्थ तुम्ही काय घेता. कुणी म्हणालं उद्याचा ३०% वेळ पाऊस, कुणी म्हणालं ३०% भागात पाऊस. उद्यासारख्या दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस, हा खरा अर्थ बऱ्याच जणांना लागलाच नाही. लोकांची अक्कल कमी होती असं मी म्हणणार नाही. आकडा कशाचा आहे ते सांगितलं नाही, तर ज्याला जे सुचेल ते तो घेणार.

हे केंद्र उद्याचं गणित एकदाच करत नाही, ५१ वेळा करतं. आत्ताची हवा नेमकी कशी आहे हे कुणालाच पूर्णपणे मोजता येत नाही. समुद्रावर तर मोजमापं आणखी विरळ. म्हणून सुरुवातीच्या आकड्यांत थोडे थोडे फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवतात. १९९२ पासून हे चालू आहे, आणि २०२३ पासून ते साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींवर होतं. ५१ उत्तरं जवळजवळ सारखी आली तर अंदाजावर भिस्त ठेवायला हरकत नाही. पांगली, तर पुढचं नक्की कुणालाच सांगता येणार नाही, हे तरी आधी कळतं. माझ्या कामात ही दुसरी माहितीसुद्धा सोन्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष आलेख. वरपासून खाली चार पट्टे: ढग, पाऊस, वारा, तापमान. मी मुख्यतः दुसऱ्या पट्ट्यावर थांबते, आणि ताडपत्री बांधायची असेल तर तिसऱ्यावर. पावसाच्या पट्ट्यात दर सहा तासांना एक निळी पेटी असते. पेटीचा मधला रुंद भाग म्हणजे ५१ पैकी मधली निम्मी उत्तरं. त्याच्या वर-खाली अरुंद पेट्या आहेत, त्या धरल्या की ८०% उत्तरं आत येतात. त्याच्याही पलीकडे दोन्ही बाजूंना बारीक काडी: सगळ्यात कोरडं उत्तर आणि सगळ्यात ओलं उत्तर. पेटीच्या आत एक आडवी रेघ आहे. निम्मी उत्तरं तिच्या खाली, निम्मी वर.

नवखा माणूस पहिल्यांदा त्या आडव्या रेघेकडे बघतो, आणि गच्चीच्या कामात ती रेघ सगळ्यात कमी उपयोगाची.

मालाडच्या एका सोसायटीत मेच्या तिसऱ्या आठवड्यात काम चालू होतं. अर्धी गच्ची उघडी. मंगळवार संध्याकाळचा रकाना असा होता: आडवी रेघ जवळजवळ शून्यावर, रुंद पेटीची वरची कड २ मिलिमीटरवर, अरुंद पेटीची वरची कड ९ वर, काडीचं टोक २६ वर. सेक्रेटरी काकांना मी फोनवर दाखवलं. काका निवृत्त बँक अधिकारी, आकड्यांना घाबरणारे नाहीत. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे संध्याकाळी शून्यापासून सुरू होऊन रात्रीपर्यंत सव्वीस मिलिमीटर पडेल, असंच ना?"

असं वाचणारे काका एकटे नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सुझन जॉस्लिन यांच्या संशोधनात हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे: शक्यतांचा पल्ला चित्राने दाखवला, की बरेच लोक तो दिवसभरातला चढ-उतार समजतात. डोळ्यांना एक ठाम अंदाज हवा असतो, आणि चित्रात तो नसला तरी ते शोधून काढतात. या आलेखाबद्दलची माझी मोठी तक्रार हीच. पेटी म्हणजे ५१ उत्तरांची रांग आहे, हे पानावर कुठेतरी दोन ओळींत मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. माहितीचं पान वेगळं आहे, इंग्रजीत आहे, आणि गच्चीवर उभं राहून ते कुणी उघडणार नाही.

काकांसाठी मी सिमेंटच्या गोणीच्या कागदावर खडूने दहा गोल काढले. २ मिलिमीटरच्या वर जाणारी उत्तरं पाव हिस्सा, म्हणजे दहात अडीच. ९ च्या वर जाणारी एक दशांश, म्हणजे दहात एक. माझी धोक्याची पातळी ५ मिलिमीटर, ती या दोघांच्या मध्ये. म्हणून दीड गोल रंगवला. "काका, असे दहा मंगळवार आले तर त्यातल्या एक-दोन मंगळवारी तुमच्या गच्चीवर तळं होईल." त्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता: "मग झाकायला किती खर्च?"

गोल आणि ठिपके ही माझी कल्पना नव्हे. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्याच मॅथ्यू के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बस कधी येईल याचा अंदाज ठिपक्यांच्या ढिगाने दाखवला होता. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तितकीच शक्य असलेली वेळ. २०१८ च्या पुढच्या अभ्यासात असे ठिपके पाहणाऱ्या लोकांनी घरातून कधी निघायचं हे जास्त चांगलं ठरवलं. मोजता येणाऱ्या वस्तू माणसाला टक्क्यांपेक्षा लवकर कळतात. केंद्राने आलेखासोबत ठिपक्यांचा पर्याय दिला, तर आमच्यासारख्यांचं खडूचं काम वाचेल.

पाच मिलिमीटर ही पातळी कुठून आली ते सांगते, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तीन हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे २७९ चौरस मीटर. पाच मिलिमीटर पडला तर जवळपास चौदाशे लिटर. कोबा फोडल्यावर ढाळ उरलेला नसतो, पावसाळी पाइपाची तोंडं डेब्रिजमुळे आम्हीच गोणपाटाने बांधलेली असतात. मग हे सगळं पाणी भेगा शोधत बसतं. एक-दोन मिलिमीटर पडला तर तापलेला स्लॅब तो पिऊन टाकतो, सकाळी चिन्हही नसतं. प्रत्येकाने आपल्या कामाची अशी पातळी आधी ठरवावी, मग आलेख उघडावा. नाहीतर 'पाऊस येणार का' या प्रश्नाचं उत्तर शोधत राहाल आणि हाती काही लागणार नाही.

आता खर्चाचा हिशेब, गोल आकड्यांत. ताडपत्र्या, बांबू, सुतळी, चार माणसांचा संध्याकाळचा ओव्हरटाइम धरून एक रात्र झाकायला दहा हजार लागतात असं समजा. न झाकता पाणी उतरलं तर खालच्या घरातलं पीओपीचं छत, रंग, वायरिंग मिळून लाखाचं नुकसान. दहा हजार भागिले एक लाख, म्हणजे दहा टक्के. नुकसान करणाऱ्या पावसाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर असेल तर झाकणं स्वस्त, खाली असेल तर न झाकणं स्वस्त. आणि अरुंद पेटीची वरची कड म्हणजे नेमकी हीच दहा टक्क्यांची रेषा! ती कड ५ मिलिमीटरच्या वर गेली की झाकायचं. मधली रेघ कुठे का असेना. त्या मंगळवारी कड ९ वर होती. झाकलं.

तोच आलेख दुसऱ्या कामाला मी वेगळ्या रेषेवर वाचते. चायना मोझॅकचे तुकडे बसवून व्हाइट सिमेंट भरायचं असेल, तर पावसाने फार तर तेवढा भाग पुन्हा करावा लागतो. आणि न करता थांबलं तर अख्खी टोळी बसून राहते, मजुरी द्यावीच लागते. दोन्हीकडचा तोटा साधारण सारखा. तिथे मी मधल्या रेघेकडे बघते, कारण पन्नास टक्क्यांच्या आसपासच निर्णय फिरतो. हे एका ढगाच्या चित्राने कधीच साधणार नाही. माझा आणि गिरगावात लग्नाचा मांडव घालणाऱ्याचा पाऊस एकच असला तरी आमचे तोटे वेगळे, म्हणून आमची रेषाही वेगळी. अंदाज देणाऱ्याने माझ्या वतीने 'पाऊस आहे' किंवा 'नाही' असं ठरवून टाकलं, तर माझ्या तोट्याचा हिशेब त्याने न विचारता केला असं होतं.

त्या मंगळवारी पाऊस आला नाही. बुधवारी सकाळी ताडपत्र्या सोडताना मुकादम म्हणाले, "ताई, दहातले आठ गोल निघाले." एवढंच. अंदाज चुकला, पैसे गेले, पुढच्या वेळी ऐकायचं नाही, असा सूर निघाला नाही, कारण कोरडं राहण्याची शक्यताच जास्त होती हे सगळ्यांना आधी ठाऊक होतं. जॉस्लिन यांच्या २०१२ च्या अभ्यासातही हेच निघालं. थंडीत रस्त्यांवर बर्फ जमेल की नाही, मीठ टाकायचं की नाही, असा निर्णय लोकांना दिला होता. नुसतं तापमान सांगितलेल्यांपेक्षा शक्यताही सांगितलेल्यांचे निर्णय चांगले ठरले, आणि अंदाज चुकला तरी त्यांचा विश्वास कमी ढळला. माझ्यासाठी ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. मुकादमाने ताडपत्रीला हात लावायला कंटाळा केला, तर ज्या रात्री खरंच पाऊस येईल त्या रात्री गच्ची उघडी राहील.

आता उणिवा. आलेखावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून सहा तासांचे रकाने आपल्याकडे पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, संध्याकाळी ५:३० आणि रात्री ११:३० ला बदलतात. मी फोनमध्ये ही चार वेळा लिहून ठेवल्या आहेत. उभ्या अक्षावरचे आकडे पेट्यांच्या उंचीआधी वाचा. नुसत्या उंचीवरून दोन दिवसांचे आलेख ताडून बघायचे नाहीत. ठिकाणही नावाने शोधण्यापेक्षा नकाशावर आपल्या साइटजवळ निवडलेलं बरं. बोरिवलीचं काम आणि 'मुंबई' म्हणून येणारा बिंदू यांच्यात पुष्कळ अंतर असू शकतं.

हे अंतर किती महाग पडतं ते मुंबईला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. नऊ किलोमीटरच्या चौकटीत आलेला पाऊस हा त्या सगळ्या चौकटीचा सरासरी पाऊस असतो, तुमच्या गच्चीवरचा नव्हे. शिवाय ५१ उत्तरांमधली दहा टक्के म्हणजे प्रत्यक्षातली बरोबर दहा टक्के असंही नसतं. अशी गणितं बहुधा आहेत त्यापेक्षा जास्त खात्रीची दिसतात. म्हणून उघड्या गच्चीसाठी मी ५ ऐवजी ३ मिलिमीटरलाच सावध होते.

आणि वळिवाच्या वादळांपुढे हा आलेख कमी पडतो. १३ मे २०२४ ला दुपारी धुळीचं वादळ उठलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. अशी वादळं थोड्या जागेत आणि तासाभरात उभी राहतात. चार दिवस आधीच्या आलेखात फार तर पेटीची काडी लांबलेली दिसेल. त्या दिवसांत सकाळपासून भारतीय हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि कुलाबा, वेरावली इथल्या रडारचं चित्र बघावंच लागतं. उंच बांबूवर माणूस चढलेला असताना तर दुसरं काही नाहीच.

हवामान विभागाचे हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल हे रंग मी रोज बघते, आणि ते सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण ते जिल्ह्यासाठी आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. जोरदार पाऊस म्हणजे त्यांच्या मोजणीत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे. माझी गच्ची त्याच्या बाराव्या-तेराव्या हिश्शातच भरते, म्हणजे हिरव्या दिवशीही माझं नुकसान होऊ शकतं. वादळाच्या मार्गाचा जो शंकू दाखवतात तोही असाच जपून वाचायचा. जून २०२० मध्ये 'निसर्ग' अलिबागजवळ धडकलं, त्याआधी सोसायट्यांच्या ग्रुपवर तो शंकू फिरत होता आणि लोक त्याला वादळाचा आकार समजत होते. शंकू म्हणजे वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो त्याचा पट्टा. वारा आणि पाऊस त्याच्या बाहेरही पोहोचतात, आणि आपण कडेला आहोत म्हणून सुटलो असं त्यातून निघत नाही.

हा आलेख कुणी वापरावा? ज्यांना दोन ते सहा दिवस आधी काहीतरी ठरवावं लागतं आणि ज्यांना आपला तोटा रुपयांत मांडता येतो, त्यांनी. मांडववाले, स्लॅब टाकणारे, रंगाची कामं घेणारे, वसई-विरारला भाजीची तोडणी ठरवणारे, वर्सोव्याला बोंबील वाळवणाऱ्या मावशी. आज छत्री घ्यायची का एवढाच प्रश्न असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, खिडकीतून बघा. पाचपैकी चार तारे. एक कापला तो मराठी नाही म्हणून, आणि पेटी वाचायला कुणी शिकवत नाही म्हणून.

वापरणार असाल तर एक करा. सकाळच्या मोजमापांवरचा आलेख आपल्याकडे दुपारनंतर येतो, संध्याकाळचा मध्यरात्रीनंतर. नवा आला की त्याच्याशी ताडायला जुना हाताशी हवा, म्हणून दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याच दिवसाची पेटी शेजारी शेजारी लावून बघा. दिवस जवळ येईल तशी पेटी आखडत गेली तर तयारी त्या आकड्याप्रमाणे करा. आदल्या दुपारीही ती तेवढीच उंच राहिली, तर मी अर्धीच गच्ची फोडायला सांगते आणि उरलेल्या अर्ध्या भागावर ताडपत्र्या रचून ठेवते.